मेरी थार्प ‘नुसती नकाशे काढणारी’ होती का? लेकीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मदत हवी

कॉलेजरोडची_आई:
नमस्कार मंडळी. माझी मुलगी नववीत आहे, इथेच नाशिकला. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने मेरी थार्प हा विषय घेतलाय, म्हणजे अटलांटिक महासागराच्या तळाचा नकाशा काढून मधली ती मोठी दरी जिने शोधली ती अमेरिकन बाई. पोरगी सध्या उठता बसता तेच बोलते, भिंतीवर समुद्रतळाच्या नकाशाची प्रिंट लावलीय आणि जेवताना मला रांगा दाखवते. पण शाळेत विषय सांगायला गेली तर तिथे दोन गोष्टी ऐकून आली. एक म्हणजे नाशिकला समुद्र कुठाय, गोदावरीचं पाणी नाहीतर द्राक्षावरची फवारणी असं काहीतरी घे. ठीक आहे, ते मी समजू शकते. दुसरी गोष्ट मात्र तिला फार लागली, की ही बाई तर तेव्हा जहाजावर गेलीच नव्हती, मोजमापं सगळी पुरुषांनी घेतली, हिने खोलीत बसून नुसते नकाशे काढले, मग हिला शास्त्रज्ञ कसं म्हणायचं.

घरी आली ती गप्प. रात्री मला म्हणाली, आई, समुद्र न बघता समुद्रात काय आहे ते शोधून काढता येतं का गं, का खरंच तिने नुसतं चित्र काढलं? मी कॉमर्सवाली, मला उत्तर देता येईना. इथे भूगोल-विज्ञानातले बरेच जण आहेत म्हणून विचारते. तिने नेमकं काय केलं आणि ते संशोधन कसं, हे मुलीला कळेल असं कुणी सांगेल का? आणि विषय बदलावा का?

काळा_पाषाण:
ताई, विषय अजिबात बदलू नका. मी भूशास्त्र शिकलोय, नोकरी सगळी विहिरी आणि बोअरच्या सर्वेक्षणात गेली, आणि कॉलेजात असताना थार्प आणि तिचा सहकारी हीझेन यांचा नकाशा पहिल्यांदा बघितला तेव्हापासून ही बाई माझ्या मनात आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी मोजमाप कसं व्हायचं ते. जहाजावर एको साउंडर नावाचं यंत्र असतं, ते खाली पाण्यात आवाज सोडतं, तो तळावर आपटून परत येतो, जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून खोली काढायची. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो. म्हणजे प्रतिध्वनी 4 सेकंदांनी आला तर आवाज 6000 मीटर फिरून आला, खोली 3000 मीटर. हे गणित तुमची मुलगी तोंडी करेल. जहाज चालत राहतं आणि अशा खोल्यांची रांगच्या रांग जमा होते. पण हे लक्षात घ्या की जहाजावरच्या माणसालाही तळ दिसत नाही! त्याच्याही हातात आकडेच, नाहीतर कागदाच्या गुंडाळीवरची रेघ. तळ कुणीच बघितलेला नव्हता, जाऊन आलेल्यांनीसुद्धा नाही. तेव्हा ती जहाजावर नव्हती म्हणून तिला कळलं नसणार हा मुद्दा इथेच संपतो.

आता तिने काय केलं. 1948 ला ती न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात लागली, पुढे तोच विभाग लॅमोंट वेधशाळा झाला. ब्रूस हीझेन नावाचा तिथलाच तरुण संशोधक जहाजावर जाऊन आकडे आणायचा आणि ही ते मांडायची. 1952 च्या सुमारास तिने उत्तर अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांच्या वाटांवरचे आकडे जुळवून सहा छेद काढले. छेद म्हणजे कलिंगड उभं कापल्यावर आतलं दिसतं तसा समुद्र उभा कापून तळाची चढउताराची रेघ. मधोमध पाण्याखाली डोंगररांग आहे हे आधीपासून माहीत होतं, केबल टाकणाऱ्यांना आणि जुन्या मोहिमांना ती लागली होती. नवीन काय, तर सहाही छेद एकाखाली एक ठेवल्यावर तिला दिसलं की रांगेच्या डोंगरांचे आकार एकमेकांशी जुळत नाहीत पण माथ्यावर एक खाच आहे, व्ही आकाराची, आणि ती खाच मात्र छेदामागून छेद त्याच जागी येते. एका ठिकाणी खाच असती तर दोन डोंगरांमधली घळ म्हणून सोडून दिली असती. ती इतकी एकसारखी येते म्हणजे ती सलग दरी आहे, रांगेच्या माथ्यावरून लांबच लांब गेलेली. आणि अशी दरी जमीन दोन बाजूंना ताणली गेली की पडते.

म्हणजे समुद्राचा तळ मधून फाटतोय! आणि तळ फाटतोय म्हणजे खंड सरकतात. वेगेनर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1912 मध्ये हे म्हटलं होतं आणि अमेरिकेत तेव्हा खंड सरकतात म्हणणाऱ्याला कुणी उभं करत नव्हतं. तिने हीझेनला दाखवलं तर तो म्हणाला ही बायकांची बडबड आहे. हे मी माझ्या मनचं सांगत नाही, तिने स्वतः पुढे हे सांगितलंय. त्याला पटायला जवळजवळ वर्ष गेलं.

ज्याला ड्राफ्ट्समन म्हणतात त्याला रेघ कुठून काढायची ते दुसरा सांगतो. हिला कुणीच सांगत नव्हतं, उलट काढलेली रेघ खोड म्हणत होते. ती तिने खोडली नाही.

कॉलेजरोडची_आई:
काका, खूप खूप आभार. तिला वाचून दाखवलं, दोनदा वाचायला लावलं तिने. आता तिचा प्रश्न असा आहे, तसाच लिहिते: सहा रेघांच्या मधे शेकडो किलोमीटर जागा रिकामी आहे, तिथे काय आहे हे तिला कसं कळलं, आणि अंदाजाने भरलं असेल तर ते विज्ञान कसं?

मोजणीवाला_सिडको:
वा, प्रश्न एकदम बरोबर जागी विचारलाय पोरीने. मी जमीन मोजणीच्या कामात आहे, आम्हालाही प्रत्येक इंचावर टोटल स्टेशन, म्हणजे मोजणीचं यंत्र, लावता येत नाही, ठराविक ठिकाणी लेव्हल घ्यायच्या आणि मधलं जुळवायचं हेच काम. पण डोंगर कसा वाहतो, पाणी कुठून निघतं, खडक कुठला आहे हे माहीत असलं तरच मधलं बरोबर येतं, नुसते दोन ठिपके पट्टीने जोडले की चुकणार. थार्पकडे भूशास्त्राची पदव्युत्तर पदवी होती आणि वर गणिताचीही पदवी घेतली होती तिने. वडील मातीचं सर्वेक्षण करायचे, लहानपणी त्यांच्याबरोबर शेतांमधून फिरलेली, त्यामुळे जमीन वाचायची सवय घरातूनच.

अजून एक गंमतीची गोष्ट आहे जी फार कमी लोकांना माहीत असते. तिचे नकाशे आपल्या नेहमीच्या समोच्च रेषांचे, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचे, का नाहीत, डोंगर तिरक्या उजेडात बघावेत तसे शाईने रेखाटलेले का आहेत? कारण शीतयुद्धाचा काळ, पाणबुड्यांमुळे अमेरिकन नौदलाने खोलीचे नेमके आकडे गोपनीय ठेवले होते, समोच्च रेषांचा नकाशा छापता येत नव्हता. मग त्यांनी आकारचित्राची पद्धत धरली, आकडा न देता तळाचा घाट दाखवायचा. आणि झालं असं की तो नकाशा सामान्य माणसालाही बघताक्षणी कळायला लागला. समोच्च रेषा आमच्या साहेबांना कळत नाहीत, लोकांना काय कळणार! पण रेखाटलेली डोंगररांग शाळेतलं पोर पण ओळखतं. उत्तर अटलांटिकचा असा पहिला नकाशा 1957 ला आला.

काळा_पाषाण:
मोजणीवाले दादांनी मस्त सांगितलं. मी त्यात भूकंपाचा भाग घालतो कारण मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे.

त्याच खोलीत हॉवर्ड फॉस्टर नावाचा एक जण काम करत होता, कलाशाळेतून आलेला, त्याला ऐकू येत नव्हतं. समुद्राखालून टेलिफोनच्या केबल टाकायच्या तर त्या तुटतात कुठे आणि का याचा अभ्यास चालू होता, त्यासाठी हीझेनने त्याला समुद्रातल्या भूकंपांची केंद्रं नकाशावर टिंबं टिंबं करून लावायला दिली होती. हीझेनचा आग्रह असा की तिचा आणि त्याचा नकाशा एकाच मापाचा असावा. मग खालून उजेड असलेल्या काचेच्या टेबलावर एकावर एक ठेवून बघितलं तर भूकंपाची टिंबं तिने दाखवलेल्या खाचेतून रांगेने गेलेली!

आता विचार करा. तिच्याकडे खोलीचे आकडे, ते जहाजाच्या प्रतिध्वनीतून आलेले. त्याच्याकडे भूकंपाची केंद्रं, ती जमिनीवरच्या भूकंपमापकांवरून काढलेली. दोघांच्या माहितीचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही आणि तरी दोन्ही त्याच ओळीवर येतात. मग जिथे जहाज गेलंच नव्हतं पण भूकंप होत होते तिथेही दरी असणार हे सांगता आलं. दक्षिण अटलांटिक, हिंदी महासागर, अरबी समुद्र, लाल समुद्राकडे, आणि तिकडे आफ्रिकेतल्या खचदरीपर्यंत ओळ लागली. आज ही पर्वतरांग सगळ्या महासागरांतून मिळून साधारण 65,000 किलोमीटर धरतात. तेव्हा मुलीला सांगा, अंदाज आणि फेकाफेक यात फरक हा की अंदाज तपासता येतो. हिचा तपासला गेला आणि खरा निघाला.

आणि तपासला तो विरोधकांनी. फ्रान्सचा जाक कूस्तो, तो प्रसिद्ध पाणबुड्या, त्याचा या दरीवर विश्वास नव्हता, त्याने जहाजामागे कॅमेरा तळाजवळून ओढत नेला आणि दरी समोर आली. 1959 ला न्यूयॉर्कच्या समुद्रशास्त्र परिषदेत त्याने स्वतः ती फिल्म दाखवली. प्रदर्शनात हा प्रसंग घ्याच घ्या.

निफाडचा_वाचक:
सगळं छान चाललंय पण एक गोष्ट सांगावीशी वाटते. हीझेनला अगदी खलनायक करू नका. एवढे महिने समुद्रात राहून आकडे आणणं सोपं नव्हतं, भूकंपाचं काम एकाच मापात करायला लावलं ते त्यानेच, आणि पुढे तिचं नाव नकाशांवर त्याच्या नावाशेजारी आहे. पंचवीसहून जास्त वर्षं दोघांनी बरोबर काम केलं. संस्थेच्या प्रमुखाचं, युइंगचं, आणि हीझेनचं बिनसलं तेव्हा साठच्या दशकात तिला घरून काम करावं लागलं, घराच्या खोल्यांमधून नकाशे पसरलेले असायचे. तेव्हाही हे काम दोघांचं म्हणूनच चालू राहिलं. मुलीने दोघांना न्याय द्यावा एवढंच.

काळा_पाषाण:
निफाडकर, मान्य आहे, आणि बरं झालं काढलंत. फक्त हेही पोस्टरवर यायला पाहिजे की 1956 मध्ये ही दरी जगभर पसरली आहे असं ज्या लेखात मांडलं गेलं त्यावर युइंग आणि हीझेन अशी दोनच नावं होती. 1959 च्या उत्तर अटलांटिकच्या ग्रंथावर तिचं नाव आहे. आणि हीझेन बरीच वर्षं पृथ्वी फुगतेय म्हणून दरी पडते असं म्हणायचा, ते पुढे टिकलं नाही. तिने काढलेली दरी टिकली.

वास्कोतली_नाशिककर:
मी मूळची पंचवटीची, गेली बरीच वर्षं गोव्यात समुद्रावरच काम करते, रसायनशास्त्रातून आले. हा धागा बहिणीने पाठवला आणि राहवलं नाही म्हणून लिहिते.

जहाजावर का नेत नव्हते या प्रश्नाला कुणी हात घातला नाही. बाई जहाजावर आली की अपशकुन, ही खलाशांची जुनी समजूत, आणि वर सोय नाही, वेगळ्या खोल्या नाहीत ही कारणं. पण हे तिच्या बाबतीत जहाजापासून सुरू झालंच नाही. मुळात भूशास्त्र तिला शिकता आलं ते दुसऱ्या महायुद्धात मुलं लढायला गेली, वर्ग रिकामे पडले आणि मिशिगन विद्यापीठाने मुलींना घेतलं म्हणून. त्याआधी ती इंग्रजी आणि संगीत शिकलेली. मग तेल कंपनीत लागली तर तिथे मुलींना फील्डवर पाठवत नव्हते, पुरुष बाहेर जाणार आणि ही ऑफिसात त्यांच्यासाठी नकाशे लावणार. मग लॅमोंट, तिथे जहाज बंद. प्रत्येक ठिकाणी तेच दार. स्वतःच्या डोळ्यांनी समुद्रावर काम बघायला तिला साठचं दशक उजाडलं, तेव्हा वय पंचेचाळिशीच्या आसपास. जी दरी तिने पाण्याबाहेर बसून शोधली तिचा नकाशा होऊनही वर्षं लोटली होती.

म्हणून मला शाळेतल्या त्या वाक्याचा राग येतो. तिला जाऊ दिलं नाही, आणि मग गेली नाही म्हणून नाव ठेवायचं, हे कसं चालेल?

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर अदिती पंत. औंधच्या पंतांची मुलगी, जन्म नागपूरचा, बीएस्सी पुणे विद्यापीठातून, मग हवाई आणि लंडनला शिकून समुद्री वनस्पतींवर काम केलं आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आल्या. 1983-84 च्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता या दोघी गेल्या, भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या बायका. दक्षिण गंगोत्री हा आपला तिथला पहिला तळ त्याच मोहिमेत उभा राहिला.

आणि नाशिकला समुद्र कुठाय म्हणणाऱ्यांना हे सांगा. साठच्या दशकात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली, कितीतरी देशांची जहाजं आपल्या समुद्रात फिरली, त्या आकड्यांतून थार्प आणि हीझेननी हिंदी महासागराचाही नकाशा केला, आणि त्याच मोहिमेनंतर 1 जानेवारी 1966 ला आमच्या गोव्याची संस्था सुरू झाली. म्हणजे मुलीच्या भिंतीवरच्या नकाशाचा आणि आपला संबंध आहे की नाही?

आता मुली जहाजावर जातात. सोपं असतं असं नाही. पहिले दोन दिवस उलट्या, मग रात्री अडीचला उठून कामाची पाळी. बाटल्यांची चकती असते, मोठ्या चाकासारखी फ्रेम, तिला गोलाकार ओळीत बाटल्या लावलेल्या, ती वायरने हजारो मीटर खाली सोडायची आणि वर येताना ठरलेल्या खोलीवर एकेक बाटली बंद करायची. वर आल्यावर बाहेर उकाडा आणि बाटलीतलं पाणी हाताला बर्फासारखं गार. खोलवरचं पाणी विषुववृत्तावरही दोन-चार अंशांचंच असतं. पहिल्यांदा हात लावला तो गारठा मला अजून आठवतो. मुलीला हे करायचं असेल तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित घट्ट करायला सांगा, बीएस्सी नाशिकलाच होईल, मग एमएस्सीला गोवा किंवा कोची. समुद्राजवळ राहिलं पाहिजे अशी अट कुठेच नाही.

काळा_पाषाण:
वास्कोच्या ताईंना माझं अनुमोदन, आणि नाशिकच्या बाजूने मीही एक जोडतो. पांडवलेण्यावर घेऊन जा मुलीला. ज्या दगडात लेणी कोरलीत तो बेसाल्ट, ब्रह्मगिरीही बेसाल्टचाच, आणि समुद्राचा तळ पण बेसाल्टचा. दोन्ही लाव्हाच, फक्त आपला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरला आणि तिकडचा दरीतून आजही वर येतोय. आपला लाव्हा ओतला गेला त्याच सुमाराला सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून तुटला आणि मधे तळ फाटत गेला, ती रांग आज अरबी समुद्रात आहे, कार्ल्सबर्ग रांग म्हणतात. तिच्या भिंतीवरच्या नकाशात आफ्रिकेच्या शिंगाकडून खाली आग्नेयेला जाताना दिसेल, बघा म्हणावं.

कॉलेजरोडची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. कार्ल्सबर्ग रांग सापडली, बोट ठेवून मला दाखवली. विषय तोच ठेवतोय, उद्या शाळेत मी स्वतः जाऊन बोलणार आहे. वास्कोच्या ताईंचा निरोप वाचून पोरगी केमिस्ट्रीचं पुस्तक घेऊन बसली, हे मी गेल्या वर्षभरात बघितलं नव्हतं.

आता शेवटचं विचारते. नुसतं पोस्टर नको, काहीतरी करून दाखवायचंय असं ती म्हणते. न बघता तळ कळतो हे येणाऱ्याला स्वतःच्या हाताने पटलं पाहिजे. काही सुचतंय का?

मोजणीवाला_सिडको:
सोपं आहे, दोन संध्याकाळचं काम. बुटाचा मोठा खोका घ्या, आत शाडूने तळ करा, मधे डोंगररांग आणि तिच्या माथ्यावर खाच, पण मुलीनेच करायचं आणि घरच्यांनाही दाखवायचं नाही. गणपतीची शाडू उरली असेल तर तीच चालेल. वाळली की झाकण लावून चिकटपट्टीने बंद. झाकणावर सहा ओळींत भोकं पाडा, दोन दोन सेंटिमीटरवर. विणकामाची लांब सुई घ्यायची, तिच्यावर मार्करने सेंटिमीटरच्या खुणा. येणाऱ्याने सुई भोकातून टेकेपर्यंत सोडायची, आकडा वाचायचा, समोरच्या ग्राफ पेपरवर टिंब द्यायचं. एकाने एक ओळ केली, दुसऱ्याने दुसरी. सहा ओळी एकाखाली एक लावल्या की खाच आपोआप दिसायला लागेल, आणि तेव्हाच झाकण काढायचं, आधी नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

शेजारी लांब पट्टीवर थार्पसारखा खरा छेद लावा, पण मापाकडे लक्ष द्या. तिने उभं माप आडव्याच्या 40 पट ठेवलं होतं. आडवं 1 सेंटिमीटर म्हणजे 40 किलोमीटर धरलं तर 4000 किलोमीटरचा समुद्र मीटरभर कागदात बसतो. उभं 1 सेंटिमीटरला 1 किलोमीटर घ्या म्हणजे 5 किलोमीटर खोली 5 सेंटिमीटरची येईल. दोन्ही बाजूंना 40 किलोमीटरच धरलं तर तीच खोली जेमतेम सव्वा मिलिमीटर भरेल, अख्खा अटलांटिक पेन्सिलीच्या रेघेसारखा सपाट आणि खाच शोधून सापडणार नाही. ‘उभं माप 40 पट’ हे पट्टीवर मोठ्या अक्षरात लिहा, परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतील, आणि दोन्ही छेद काढून ठेवले असतील तर मुलगी त्यांना बोटाने दाखवू शकेल.